दूरचा सोबती आणि जवळचा शेजारी

गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट. मालवणच्या दक्षिणेस समुद्रकांठच्या एका वाडींत आम्ही कांहीं कामानिमित्त गेलों होतों. दिवस कलला होता. रापणीचीं जाळीं वाळत घातलेलीं होतीं, होड्या वाळूवर ओढून ठेविल्या होत्या, आणि अशाच एका होडीच्या आडोशास तीन मुलगे मांडीस मांडी लावून बसले होते. प्रत्येकाच्या हातांत मोबाइल, प्रत्येकाची मान खालीं. मधूनमधून ते "डावीकडे!", "थांब!", "मी येतों, मी येतों!" असें ओरडत, परंतु एकमेकांच्या तोंडाकडे कोणी पाहत नव्हतें. आमच्याबरोबर त्या वाडींतील एक वृद्ध गृहस्थ होते. ते क्षणभर थबकले आणि कपाळास आठ्या घालून म्हणाले, "ह्यो कसलो रे खेळ? बाजूक बसलेल्याच्या तोंडाक बगूचा नाय, आणि भलत्याच कोणाबरोबर बोलत रवाचा!" तेव्हां त्यांतील एका मुलानें मान वर न करतांच उत्तर दिलें, "आजोबा, भलतो कोण नाय. तुमचोच नातू आसा. तो मुंबयत बसान खेळता."

वृद्धाच्या कपाळावरील आठ्या मावळल्या. काठी वाळूंत रोवून ते मुलाच्या शेजारीं खालीं बसले, त्याचा मोबाइल तोंडाजवळ नेला आणि विचारलें, "बाबू, जेवलंस मा?" पलीकडे नातवानें हातांतला खेळ टाकून आजोबांस उत्तर दिलें असावें, कारण इकडे त्याच्या सोबत्यांनीं "गेलो, गेलो! त्याका मारल्यानी!" असा एकच गलका केला.

प्रसंग लहान, पण घरीं परत येतांना तो आमच्या मनांत घोळत राहिला. त्या सायंकाळीं तीं मुलें एकत्र होतीं काय? होतीं, तर कोणाबरोबर? जो मांडीस मांडी लावून बसला होता त्याच्याबरोबर, कीं जो शेकडों किलोमीटरांवर मुंबईच्या एका खोलींत बसला होता त्याच्याबरोबर? आणि आजोबांनीं प्रथम दोष दिला व मग तोच मोबाइल हातांत घेतला, यांत त्यांची कोणती गोष्ट खरी मानावी? प्रश्न खेळाचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं गेलें असतां तो सोबतीचा प्रश्न आहे. मनुष्य मनुष्याचा सोबती केव्हां होतो, हेंच त्यांत विचारिलें आहे.

व्हिडिओ गेम हा मुळांतच एकलकोंडेपणाचा खेळ आहे, अशी पुष्कळ वडील माणसांची समजूत आहे. ती इतिहासास धरून नाहीं. १९७२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें 'पाँग' नांवाचें यंत्र कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल या गांवीं एका मद्यगृहांत ठेविलें. पडद्यावर दोन फळ्या व एक चेंडू, इतकाच त्याचा संसार. आणि दोन खेळाडूंवांचून तो खेळ होतच नसे. एकट्यानें नाणें टाकून उपयोग नव्हता, शेजारीं उभ्या असलेल्या अनोळखी मनुष्यास "येतां काय?" असें विचारावेंच लागे. या बाबतींत पाँग हा आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्याचाच भाऊबंद म्हणावयाचा. दशावतारी गंजिफ्याचीं एकशेंवीस गोल पानें एकट्यानें मांडून बसण्यासाठीं नव्हतीं. चार माणसें ओटीवर जमावीं, दिवा मध्यें ठेवावा, आणि हरलेल्याची थट्टा करीत रात्र काढावी, यासाठीं तीं होतीं.

पुढें १९८३ सालीं जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें घरच्या टीव्हीस जोडावयाचें यंत्र काढिलें, आणि १९९० नंतरच्या दशकांत त्याच्या स्वस्त नकला आपल्या देशांत गांवोगांव पोहोंचल्या. त्या यंत्रास दोन जॉयस्टिक असत. ज्या घरीं तें यंत्र येई त्या घरीं मे महिन्याच्या सुटींत सबंध वाडीचीं मुलें गोळा होत. दोघे खेळत, आठजण पाहत. जो मरे त्यानें जॉयस्टिक दुसऱ्यास द्यावी, असा अलिखित नियम असे. आणि तो मोडणाऱ्यास तेथल्या तेथें कोपरखळी मिळे. 'काँट्रा' नांवाचा खेळ आज चाळिशीच्या आसपास असलेल्या पुष्कळांस आठवत असेल. त्यांत दोन शिपाई खांद्यास खांदा लावून लढतात. एके ठिकाणीं त्यांस धबधब्याच्या कड्यावरून उड्या मारीत वर चढावयाचें असतें. तेथें मौज अशी, कीं एकजण घाईनें वर गेला तर पडदाही त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि जो मागें राहिला तो पडद्याच्या खालीं जाऊन मरतो. पुढच्याची घाई हाच मागच्याचा मृत्यु. मात्र तो मागचा आपल्या शेजारींच बसलेला असे. तो ओरडे, हात धरी, रुसून उठून जाई. त्याची मनधरणी केल्यावांचून पुढचा डाव होत नसे. कारण उद्यां पुन्हां त्याच विहिरीवर, त्याच शाळेंत, त्याच वाटेवर त्याची गांठ पडावयाची असे.

आम्हांस वाटतें कीं, त्या काळच्या खेळांत जो चांगुलपणा दिसून येई त्याचें पुष्कळसें श्रेय मुलांच्या स्वभावास नसून जागेस होतें. खोली एक, पडदा एक, जॉयस्टिक दोन. म्हणून पाळी पाळावी लागे. खोलींत जो येईल तो आपला. म्हणून लहान भाऊ, अडाणी शेजारी, चिडखोर चुलतभाऊ, सर्वांस सामावून घ्यावें लागे. जागाच आपला गुरु होती. ती आम्हांस न विचारतां शहाणपण शिकवी.

इंटरनेटानें ही जागाच काढून घेतली. त्याचा आरंभ पुष्कळ जुना आहे. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ यानें, व मग त्याच्यासह रिचर्ड बार्टल यानें, अनेकांनीं एकाच वेळीं संगणकावर खेळण्याचा एक खेळ रचिला. त्यांत चित्र एकही नव्हतें, सर्व कांहीं शब्दांनीं चाले. आपल्या देशांत सामान्य लोकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें. परंतु कोंकणच्या वाड्यांपर्यंत तें खऱ्या अर्थानें आलें तें मोबाइलच्या रूपानें, आणि सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यावर. दीड वर्षानंतर, २०१८ सालीं, 'पबजी मोबाइल' हा खेळ आला आणि टॉवरच्या आवाक्यांत असलेला प्रत्येक पार, धक्का व पुलाचा कठडा मुलांनीं भरून गेला. या खेळांत शंभर माणसें विमानांतून एका बेटावर उतरतात, आणि शेवटपर्यंत जो जिवंत राहील तो जिंकतो. चौघांचा एक गट करून खेळतां येतें, व गटांतल्या गटांत बोलतां येतें. गटांतील कोणी घायाळ होऊन पडला तर थोडा वेळ त्याचा प्राण शिल्लक असतो. तेवढ्यांत सोबत्यानें स्वतःस धोक्यांत घालून त्याच्याजवळ जावें व त्यास उठवावें, अशी सोय आहे. "मी येतों, मी येतों!" ही जी आरोळी आम्हीं होडीपाशीं ऐकिली ती हीच.

आतां या बदलानें काय मिळालें तें प्रथम प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. कारण जें नवें तें वाईट, असें म्हणण्यास विचार लागत नाहीं. आमच्या सिंधुदुर्गांतील क्वचितच एखादें घर असें असेल कीं ज्याचें अर्धें माणूस मुंबईस नाहीं. गणपतीस, शिमग्यास व मे महिन्यांत चाकरमानी गांवीं येत, चुलतभावंडें पंधरा दिवस एकत्र खेळत, आणि मग गाडी सुटली कीं वर्षभर एकमेकांस परकीं होत. पत्र लिहिण्याचें तें वय नव्हे, फोनवर "काय करतोस?" "कांहीं नाहीं," यापलीकडे मुलांचें बोलणें जात नाहीं. मुलें बोलण्यानें जवळ येत नाहींत. एकत्र कांहीं केल्यानें जवळ येतात. हें एकत्र करण्याचें साधन त्यांस या खेळांनीं वर्षभर दिलें. त्या वृद्ध गृहस्थांच्या नातवास वाडींतील मुलें अद्यापि आपला समजतात, याचें एक कारण तोच मोबाइल होय.

याहून मोठें उदाहरण नॉर्वे देशांतील आहे. मॅट्स स्टीन नांवाचा एक तरुण तेथें होता. स्नायू हळूहळू निकामी करणारा डुशेन नांवाचा रोग त्यास लहानपणापासून होता, आणि नोव्हेंबर २०१४ मध्यें, पंचवीस वर्षांचा असतां, तो वारला. आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यानें चाकांच्या खुर्चींत बसून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ खेळण्यांत घालविलीं. आपल्या मुलास मित्र मिळाले नाहींत, प्रेम मिळालें नाहीं, त्याचें जीवन कोणाच्या उपयोगी पडलें नाहीं, असें दुःख आईबापांस होतें. मुलाच्या मृत्यूची वार्ता बापानें इंटरनेटावर कळविली, आणि देशोदेशींहून पत्रें येऊं लागलीं: कोणी लिहिलें कीं त्यानें माझें दुःख ऐकून घेतलें, कोणी लिहिलें कीं त्याच्या सल्ल्यानें मी आपल्या मुलाशीं पुन्हां बोलूं लागलें. खेळांतील त्याचे कांहीं सोबती परदेशांहून त्याच्या अंत्यविधीस आले. ज्यांनीं त्याचा चेहरा जिवंतपणीं पाहिला नव्हता ते त्याच्या शवपेटीपाशीं रडले. २०२४ सालीं त्याच्या जीवनावरील चित्रपट जगभर पाहिला गेला. ही सोबत खोटी होती, असें म्हणण्यास कोणाची जीभ वळेल?

तर मग दोष कोठें आहे? आमच्या मतें तो तीन ठिकाणीं आहे.

पहिला हा कीं, आतां सोबती निवडतां येतो. यंत्र आपल्या बरोबरीचे खेळाडू शोधून आपणांस देतें. म्हणून ज्यास खेळतां येत नाहीं त्याची अडचण कोणास राहत नाहीं. पूर्वीं लहान भावास खेळवावेंच लागे. आतां "तुझ्यामुळें आम्ही हरतों" असें सांगून त्याच्या जागीं दूरच्या शहरांतील कोणी तरबेज मुलगा घेतां येतो. तो तरबेज मुलगा मिळाल्याचा आनंद सर्वांस होतो. पायरीवर एकटा बसलेला लहान भाऊ कोणाच्या हिशेबांत येत नाहीं.

दुसरा दोष हा कीं, सोबत आतां एका बोटानें सोडतां येते. भांडण झालें, हार दिसूं लागली, कंटाळा आला, तर बटण दाबावें आणि निघून जावें. तीन सोबती मागें संकटांत राहिले तरी त्यांचा रुसलेला चेहरा आपणांस दिसावयाचा नाहीं. चेहरा दिसत नाहीं म्हणून जीभही सैल सुटते. जे अपशब्द हीं मुलें वाडींत कोणाच्या अंगणांत उभें राहून उच्चारणार नाहींत, ते तीं कानांस यंत्र लावून अनोळखी मुलास सहज ऐकवितात. धबधब्याच्या कड्यावरची घाई तीच आहे. फक्त मागें राहिलेल्याची कोपरखळी नाहींशी झाली आहे.

तिसरा दोष हा कीं, ही भेटण्याची जागा आपली नव्हे. पार गांवाचा असतो, किनारा सर्वांचा असतो. परंतु ऑनलाइन मैदानास मालक असतो, आणि तो तें आपल्या सोयीनें उघडतो व मिटतो. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें पबजीवर बंदी घातली तेव्हां केवळ त्याच मैदानावर भेटणारे असंख्य सोबती एकमेकांस अंतरले. जुलै २०२१ मध्यें 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नांवानें जवळजवळ तोच खेळ परत आला. परंतु ज्यांस एकमेकांचें खरें नांवही ठाऊक नव्हतें त्यांस शोधावयाचें कोठें?

हे तीन दोष पाहून कोणी म्हणेल कीं, दूरची सोबत लटकी व जवळची खरी, हाच निष्कर्ष निघतो. आम्हांसही पूर्वीं तसेंच वाटत असे. परंतु १६ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें, आणि त्या वेळीं जें पाहिलें त्यानें आमचें मत पालटलें. झाडें कोसळलीं, कौलें उडालीं, विजेचे खांब आडवे झाले, आणि पुष्कळ गांवांत कित्येक दिवस वीज नाहीं व मोबाइलही नाहीं, अशी स्थिति झाली. आमच्या परिचयांतील एका घरावर फणसाचें झाड पडलें. त्या घरीं सोळा वर्षांचा एक मुलगा होता. तो रोज रात्रीं दोन-दोन तास ऑनलाइन खेळांत रमलेला असे. वादळाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोयता व करवत घेऊन जो शेजारचा मुलगा आपल्या बापाबरोबर आला, तो तोच होता ज्यास "तुला खेळतां येत नाहीं" म्हणून यानें गटांतून काढिलें होतें. इतकें ऐकून जवळच्या सोबतीचा विजय झाला असें वाटेल. परंतु त्याच वाडींत अगदीं भिंतीस भिंत लागून असें एक घर होतें कीं, बांधाच्या जुन्या तंट्यावरून त्यानें दारही उघडलें नाहीं. मग नेटवर्क परत आलें. मुलाच्या मोबाइलवर दोन प्रकारचे निरोप साठून राहिले होते. एक सोबती, ज्याच्याबरोबर तो वर्षभर रोज खेळला होता, त्यानें लिहिलें होतें: "चार दिवस कुठें होतास? आपला गट खालीं गेला." दुसरा, मुंबईचा चुलतभाऊ, तो रोज त्या वाडीच्या मुंबईकर मंडळींस फोन करून कोणास कांहीं वार्ता कळली काय, हें विचारीत राहिला होता, आणि प्रत्येक रात्रीं एक निरोप पाठवून ठेवीत होता, जरी तो पोहोंचत नाहीं हें त्यास दिसत होतें.

म्हणजे जवळच्या दोघांत एक सोबती निघाला व एक नाहीं. दूरच्या दोघांतही एक निघाला व एक नाहीं. तेव्हां सोबतीचें माप अंतर हें नव्हे. मग काय आहे? आमचें उत्तर असें आहे कीं, जो आपल्यावर दुसऱ्याचा हक्क आहे असें मानतो तो सोबती. माझ्या वेळावर, माझ्या सोयीवर, प्रसंगीं माझ्या जिंकण्यावर याचा कांहीं हक्क आहे, आणि तो मागेल तेव्हां मला द्यावें लागेल, असें जेथें मनांत ठरलेलें असतें तेथें हजार कोसांवरूनही सोबत होते. आणि जेथें तें नसतें तेथें मांडीस मांडी लावून बसलेलीं माणसेंही केवळ एका बाकावरचे प्रवासी होत.

रापणीचा न्याय येथें ध्यानांत आणावा. रापण ओढतांना दोराचीं दोन टोकें किनाऱ्यावर एकमेकांपासून पुष्कळ दूर असतात. या टोकाच्या मनुष्यास त्या टोकाच्या मनुष्याचा चेहरा नीट दिसतही नाहीं. तरी ते एकमेकांचे सोबती असतात. कारण दोर एक असतो, व यानें सोडला तर त्याचें श्रम वायां जातात. ज्यानें ओढलें त्यास वांटा, हा तेथील नियम आहे. दोर धरणें हें महत्त्वाचें. किती जवळ उभा होतां हें कोणी विचारीत नाहीं.

फरक एवढाच कीं, पूर्वीं हा हक्क मानण्यास जागाच भाग पाडी, आणि आतां तो आपल्या मनानें मानावा लागतो. खोली गेली, आणि खोलीनें जें राखिलें होतें तें राखण्याचें काम आतां शीलावर आलें आहे. म्हणून आजच्या मुलास आपल्या बापापेक्षां अधिक चांगलें व्हावें लागेल. बाप चांगला वागला तो पुष्कळदां उपाय नव्हता म्हणून. वडिलांनीं ही अडचण ओळखून मुलांस दोष देण्यापूर्वीं साहाय्य करावें, हें न्यायाचें आहे.

कायदा यांत थोडेंच करूं शकतो. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला. पैसे लावून खेळावयाचे खेळ त्यानें निषिद्ध ठरविले, आणि ई-स्पोर्ट्स व पैशांवांचूनचे सामाजिक खेळ यांस त्यांपासून वेगळें मानिलें. जुगारानें घरें बुडतात, तेव्हां हा भेद योग्यच आहे. परंतु घायाळ सोबत्यास टाकून पळूं नये, नवशिक्यास हिणवूं नये, हें कोणत्या कलमांत लिहितां येईल? तें घरींच शिकवावें लागतें, आणि तें कांहीं कठीण नाहीं. आईबापांनीं "किती वेळ खेळलास?" एवढेंच न विचारतां "कोणाबरोबर खेळलास?" हेंही विचारावें. ज्याच्याबरोबर मुलगा रोज दोन तास घालवितो त्याचें नांव, गांव व घरचें कुशल त्यास ठाऊक नसेल, तर ती सोबत कीं नुसती गर्दी, हा प्रश्न त्याच्यापुढें ठेवावा. मात्र आपली माहिती अनोळखी मनुष्यास देण्यापूर्वीं घरीं सांगावें, हेंही बजावावें. मांडलेला डाव अर्ध्यावर टाकूं नये. आणि घरांतून खरी हांक आली तर तोच डाव तत्क्षणीं टाकावा. आठवड्यांतून एकदां तरी गटांतील एक जागा लहान भावास किंवा ज्यास येत नाहीं त्यास द्यावी, आणि त्या दिवशीं हरण्याची तयारी ठेवावी. जिंकणें यंत्र मोजतें. त्या एका हरण्याची नोंद लहान भाऊ आयुष्यभर ठेवील.

होडीजवळच्या त्या सायंकाळीं आजोबा उठले तेव्हां मुलें हरलीं होतीं. मुंबईच्या नातवानें आजोबांस उत्तर देण्यासाठीं हात थांबविला, तेवढ्यांत तो पडला, आणि त्याच्यामागून सगळा गट गेला. आम्हांस वाटलें, मुलें आतां त्यास शिव्या देतील. परंतु ज्याचा मोबाइल आजोबांनीं घेतला होता तो मुलगा हंसला आणि पलीकडच्यास म्हणाला, "ऱ्हवांदे. आजोबांक खूश केलंस मरे. आतां परत मांडूया." मग त्यानें किंचित् सरकून आजोबांस आपल्या शेजारीं वाळूवर जागा करून दिली.